श्रद्धा सुटली म्हणजे धर्म सुटला का?

कृष्णाकाठ

फेब्रुवारीत वडील गेले. मी थोरला. अग्नी मीच दिला, मडकं खांद्यावर घेऊन फिरलो. त्या दिवशी विचार करण्याइतकं भानच नव्हतं. दहाव्याला मात्र मुंडण आणि पिंडदान करणार नाही असं सांगितलं. धाकट्या भावाने केलं. घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. तासभर गेला. लोक एकेक वचन देऊन पाहत होते, आईला नीट सांभाळू, शेत विकणार नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. परतताना आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "तू धर्म सोडलास, म्हणून अण्णांचा जीव अडकला."

मी वीस वर्षं देव मानत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, अण्णांनाही होतं. या वीस वर्षांत मला कोणी धर्म सोडलास असं म्हटलं नाही. मग त्या सकाळी नेमकं काय सुटलं?

तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलो आहे. 'धर्मत्याग' हा पुस्तकातला शब्द. बोलण्यातला जुना शब्द 'बाटणे'. भांडं विटाळावं तसा माणूस बाटतो. त्याने काय मानलं, काय नाकारलं, याचा त्या शब्दात पत्ताच नाही. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं, ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. नकळत घोटभर पाणी प्यायलेला माणूस धर्माबाहेर जातो, हे ऐकणाऱ्याला पटत आलं, म्हणून ती गोष्ट टिकली.

मुंबईतलं १८४३ सालचं श्रीपाद शेषाद्री प्रकरण घ्या. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झाला होता. धाकटा श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहिला, जेवला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला, पण जात घेईना. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याची खटपट केली, तर सनातनी त्यांच्यावरही तुटून पडले. एवढं सगळं रण माजलं ते त्या पोराच्या पोटात गेलेल्या अन्नावरून.

पलीकडच्या बाजूलाही मोजमाप हेच. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसलं. त्यांच्या १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घरांनी अंगणात तुळस लावू नये, धोतर-चोळी नेसू नये, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये, अशी कलमं आहेत. म्हणजे येशूवरचा विश्वास भाताच्या हंडीत बघायचा.

मला हे मुळातच चूक वाटतं. धर्म सोडणं म्हणजे मनातली श्रद्धा जाणं. ती गेली असेल तर माणसाने उघड म्हणावं आणि विधींतून बाहेर पडावं. दोन्ही दगडांवर पाय ठेवू नये. श्रद्धा नसताना पिंड ठेवला असता तर ती अण्णांशी लबाडी झाली असती. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पायी वारी

कृष्णाकाठ, दुःख ताजं आहे, म्हणून जपून लिहितो. पण तुमचा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही.

श्रद्धा गेली की धर्म गेला, ही मोजपट्टी आपल्या मातीतली नाही. आपण शेजारधर्म म्हणतो, पुत्रधर्म म्हणतो. शेजारधर्म पाळणाऱ्याला तुझी श्रद्धा कशावर आहे असं कोणी विचारत नाही. गीतेतसुद्धा एकीकडे 'परधर्मो भयावहः' आहे आणि अठराव्या अध्यायात 'सर्वधर्मान् परित्यज्य' आहे. दोन्ही ठिकाणी धर्म म्हणजे दाखल्यावर लिहायचा धर्म नव्हे. देव न मानणारे आपल्याकडे चार्वाकापासून होते. त्यांच्याशी वाद घातला गेला, कडाडून घातला गेला, पण श्रद्धा नाही एवढ्यावरून सहसा कोणी उपरा ठरला नाही. तुम्हीच लिहिलंत की, वीस वर्षं तुम्हाला कोणी बाहेरचा म्हटलं नाही. ही आपल्या धर्माची उणीव आहे असं तुम्हाला वाटतं, मला ते त्याचं मोठेपण वाटतं.

घाटावर तुम्ही देवाला नकार दिला नाहीत. बापाचं देणं फेडायला नकार दिलात. पिंड हे श्रद्धेचं प्रतिज्ञापत्र नाही, निरोप आहे. आणि तो निरोप तुमच्या धाकट्या भावाला एकट्याने द्यावा लागला. आत्याबाईंचे शब्द चुकले असतील, त्यांची कळ चुकीची नव्हती.

मी आळंदीजवळचा, कीर्तन करतो. ज्ञानदेवांच्या वडिलांची, विठ्ठलपंतांची कथा उभी करताना दर वेळी गळा दाटतो. काशीला संन्यास घेतला, गुरूंनी परत संसारात धाडलं, आणि गावाने वाळीत टाकलं. संन्यास घेऊन माघारी आलेला तो आरूढपतित, त्याला देहान्त प्रायश्चित्त. पतिपत्नींनी नदीत देह टाकले अशी परंपरा सांगते. मागे चार लेकरं, 'संन्याशाची पोरं' म्हणून हिणवलेली. धर्म टाकून द्यायला या चौघांपेक्षा सबळ कारण कोणाकडे असेल? त्यांनी टाकला नाही. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांनाच ज्ञानदेवांनी मराठीत गीता सांगितली.

दीक्षाभूमीचा शेजारी

पायी वारी काका, ज्ञानदेवांबद्दल मलाही आदर आहे. पण 'टाकला नाही' हा आदर्श आम्हाला फार काळ ऐकवला गेला आहे, म्हणून बोलणं भाग आहे. चोखोबांनीही टाकला नाही. त्यांची समाधी महाद्वाराच्या बाहेरच राहिली.

आमच्या घरात 'धर्म सोडला' हा शब्द रडून उच्चारायचा शब्द नाही. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते. आजी सांगायची, परत आले ते पांढऱ्या कपड्यांत, चेहरा धुतल्यासारखा. दुसऱ्याच दिवशी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले. आजीच्या मनात भीती होती, खंडोबा कोपेल म्हणून. बरीच वर्षं होती. म्हणजे कृष्णाकाठ यांच्या हिशोबाने आजी तेव्हा हिंदूच राहिली, कारण मनातली भीती गेली नव्हती. पण तिने धर्म सोडला होता. सगळ्यांबरोबर उभं राहून, मोठ्याने, प्रतिज्ञा घेऊन सोडला होता. मन मागून आलं.

त्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, ही स्वतंत्र प्रतिज्ञा आहे, हे तुम्ही दोघांनी लक्षात घ्यावं. बाबासाहेबांनी ती वेगळी का घातली? कारण माणूस देव नाकारतो आणि पिंडापाशी येऊन अडतो, हे त्यांना माहीत होतं. आणि धर्म सोडण्याची जी प्रतिज्ञा आहे तिच्यात हिंदू धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार एकाच वाक्यात आहेत. येवल्याला १९३५ च्या ऑक्टोबरात 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं सांगितलं आणि पुढची एकवीस वर्षं कुठे जायचं याचा विचार केला. कृष्णाकाठ, तुमचा त्याग एकट्याचा आहे. सोडून जायचं कुठे, याचं उत्तर त्यात नाही. म्हणूनच तुम्ही घाटावर जाऊन तासभर उभे राहिलात. जो खरंच गेला तो तिथे कशाला उभा राहील?

आणि किंमत. बौद्ध झाल्यावर केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या, त्या १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. चौतीस वर्षं. काही घरांनी कागदावर जुनी जात ठेवली, मुलांच्या फीसाठी. त्यांना मी लबाड म्हणणार नाही, पण माझ्या वडिलांनी ठेवली नाही आणि त्याचे चटके आम्ही सोसले.

कृष्णाकाठ

शेजारी, घाटावर का उभा राहिलात, हा प्रश्न लागला. आत्ता उत्तर नाही.

पायी वारी काका, तुमच्या मोठेपणाच्या मुद्द्याला मात्र उत्तर आहे. श्रद्धेवरून सहसा कोणाला बाहेर काढलं नाही हे खरं, कारण आचारावरून काढलं. आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ती देव नाही म्हणाल्याबद्दल की विधवा, केशवपन, संमतिवय यांवर लिहिल्याबद्दल? घरात बसून देव नाकारा, चालेल. बाईच्या डोक्यावरचे केस राहू द्या म्हणालात की तुम्ही मेलात. याला मी औदार्य म्हणू शकत नाही.

काळा कोट

जिवंतपणी मेलेला मानणं ही पुण्याच्या टवाळांची कल्पना नव्हती, ते शास्त्रातलं आहे. पतिताचे भाऊबंद जमायचे, दासीकडून पाण्याने भरलेला घडा पायाने उलथवायचे, आणि त्या दिवसापासून तो माणूस त्यांना मेला. त्याच्याशी बोलणं नाही, बसणं नाही, वाटा नाही. या विधीचं नाव घटस्फोट. ज्या शब्दावर माझी रोजची वकिली चालते तो शब्द नवराबायकोच्या काडीमोडासाठी फार उशिरा आला. प्रायश्चित्त घेतलं तर परत घेण्याचाही विधी होता, त्यात नवा घडा लागायचा.

वाटा बुडण्याची धमकी १८५० च्या कायद्याने काढली. धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकलं तरी वारसाहक्क जाणार नाही, असं तो कायदा म्हणाला, आणि त्यावर तेव्हा मोठा गदारोळ झाला. पुढे १८७२ च्या विवाह कायद्यात उलट प्रकार. दोन वेगळ्या जातींच्या माणसांना नोंदणी लग्न करायचं तर 'मी हिंदू धर्म मानत नाही' असं लिहून द्यावं लागे. लिहून देणाऱ्यांत श्रद्धावान माणसंही असणारच. हे १९२३ च्या दुरुस्तीपर्यंत चाललं. म्हणजे एक कायदा सोडणाऱ्याला सांभाळून घेतो आणि दुसरा, ज्याला सोडायचं नाही त्यालाही सोडायला लावतो.

आजची स्थिती अशी. कृष्णाकाठ, कायद्याच्या लेखी तुम्ही हिंदूच आहात. हिंदू विवाह कायदा जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही त्याला लागू होतो. देव मानता का, हा प्रश्न त्यात नाही. घटस्फोटाच्या कारणांत दुसऱ्या धर्मात जाणं आहे, नास्तिक होणं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं की कुठल्याही धर्माचा नाही असं म्हणायचा माणसाला हक्क आहे आणि सरकारी कागदावर धर्म लिहायची सक्ती करता येत नाही. पण 'कुठल्याच धर्माचा नाही' असं लिहिलंत तरी तुमच्या लग्नाला आणि वारशाला कुठला कायदा लावायचा, हा प्रश्न उरतोच.

विठ्ठलपंतांवरून आठवलं. १९५६ च्या हिंदू अल्पवयीनांच्या पालकत्वाच्या कायद्यात नैसर्गिक पालकाचा हक्क जाणारे दोघे सांगितले आहेत: जो हिंदू राहिला नाही तो, आणि जो यती किंवा संन्यासी झाला तो. एकाच कलमात, एकाखाली एक. मला हे कलम फार बोलकं वाटतं. सोडून जाणारा देवाकडे गेला काय आणि दुसऱ्या देवाकडे गेला काय, मागे राहिलेल्या लेकराच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. म्हणून माझं मत पायी वारी यांच्याजवळ जातं. धर्मत्याग हा मनाचा नव्हे, नात्यांचा मामला आहे.

गडवाट

माझं थोडक्यात. समाज हा धर्माने बांधलेला असतो. प्रत्येकाने मनाला वाटलं म्हणून गाठ सोडली तर पुढच्या पिढीच्या हाती काय राहील? मी सोडणाऱ्याचा द्वेष करत नाही. नेताजी पालकर नऊ-दहा वर्षं मोगलांकडे मुहम्मद कुली खान म्हणून राहिले, आणि १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना विधिपूर्वक परत घेतलं. माणूस गेला तरी वाट उघडी ठेवावी, ही आपली शिकवण आहे. पण 'गेलो ते बरं केलं' असं म्हणणं मला सोसत नाही.

दीक्षाभूमीचा शेजारी

गडवाट, महाराजांनी नेताजींना परत घेतलं हे मोठंच आहे. पण परत येणाऱ्याला बसायला कोणती जागा मिळते तेही पाहा. गोव्यात १९२८ साली मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांची, म्हणजे तिथल्या आदिवासींची, शुद्धी केली. त्यांचं नाव काय पडलं? नवहिंदू. आधीचे हिंदू गावडे वेगळे, ख्रिस्ती गावडे वेगळे, हे तिसरे. सोडून जाणाऱ्याला 'नव', परत येणाऱ्यालाही 'नव'. आम्हीही 'नवबौद्ध'. आमची तिसरी पिढी झाली तरी हा 'नव' निघत नाही.

खाडीपलीकडे

बरेच दिवस नुसतं वाचते आहे. आज लिहिते.

मी कोकणातल्या मुसलमान घरातली. बाबा पाच वेळा नमाज पढतात, आई रोजे चुकवत नाही. माझी श्रद्धा अकरावीच्या सुमारास गेली. भांडून नाही गेली, हळूहळू ओसरली. हे फक्त माझ्या बहिणीला माहीत आहे. आमच्याकडे सोडणाऱ्याला शब्द आहे, मुर्तद. 'बाटणे' नव्हे, तो परत फिरलेला, पाठ फिरवलेला. म्हणजे आमच्या शब्दात इच्छा आहे, आणि म्हणून गुन्हाही मोठा. जुन्या फिकहच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत त्याला मृत्यूची शिक्षा आहे. कुराणात 'धर्मात जबरदस्ती नाही' अशी आयत आहे, आणि ती पुढे करून त्या शिक्षेला नकार देणारे आलिम, म्हणजे धर्मपंडितही आहेत. इथे तसा कायदा नाही हे मला ठाऊक आहे. पण लग्नाची बोलणी, बाबांची जमातीतली जागा, आजीच्या मयताला कोण उभं राहील, हे सगळं आहेच.

वकीलसाहेब, तुमच्या यादीत एक भर. सुन्नींच्या हनफी पंथाच्या मतानुसार बाईने इस्लाम सोडला की तिचं लग्न आपोआप तुटे. नवरा नांदवत नाही, सोडतही नाही, काझी काही करू शकत नाही, अशा बायकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच मार्ग धरला. धर्म सोडायचा आणि सुटायचं. त्यांची श्रद्धा गेली नव्हती. त्यांना नवरा सोडायचा होता. मौलाना अश्रफ अली थानवींसारख्या मोठ्या आलिमांना हे बघून दुसऱ्या पंथाच्या मतांतून वाट काढावी लागली, आणि १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. त्यात बाईला तलाक मागण्याची कारणं मिळाली, आणि नुसता धर्म सोडल्याने लग्न तुटणार नाही असंही लिहिलं गेलं. कृष्णाकाठदादा, तुमच्या व्याख्येत या बायका कुठे बसतात? त्यांच्या तोंडून धर्म सुटला होता, मनातून नाही, आणि तरी त्या लबाड नव्हत्या.

आता माझा खरा राग. 'उघड म्हणावं' हे तुम्ही फार सहज लिहून गेलात. तुम्ही उघड म्हणालात, तर एक आत्या बोलली. पिंड तुमच्या भावाने ठेवला, घर तुमचंच राहिलं. मी उघड म्हटलं तर माझी आई मशिदीच्या वाटेने चालू शकणार नाही. मी गप्प राहते ती तिच्यासाठी. ईदला डोक्यावर ओढणी घेऊन तिच्या शेजारी बसते तेव्हा मी तिला फसवत नाही. तिच्याजवळ बसायची ती एकच जागा माझ्याकडे उरली आहे. याला कोणी ढोंग म्हटलं तर मला ते मान्य नाही.

आणि समाजसुधारक हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस, आमच्याच भागातला. १९६६ मध्ये तोंडी तलाकविरोधात सात मुसलमान बायकांचा मोर्चा विधानभवनावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. ईश्वर-परलोक मानत नव्हते, पण मी मुसलमान नाही असं म्हणून बाहेर पडले नाहीत. आत उभं राहून भांडले. १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधींशिवाय दहन झालं. लोकांना वाटतं शेवटी त्यांनी धर्म सोडला. मला वाटतं त्यांनी तो प्रश्न शेवटपर्यंत दुसऱ्याच्या हातात जाऊ दिला नाही.

पायी वारी

खाडीपलीकडे ताई, तुम्ही आईच्या शेजारी बसता, त्याला माझ्या भाषेत धर्म म्हणतात. तुम्हाला हा शब्द नको असेल तर मागे घेतो.

खाडीपलीकडे

हो काका, मागे घ्या. तुम्ही प्रेमाने म्हणालात हे कळतं. पण जे मी श्रद्धेशिवाय करते त्यालाही धर्मच म्हटलं, तर माझ्या नसण्याला जागाच उरत नाही.

माजघर

कृष्णाकाठ यांच्यासारखीच मी, आई गेली तेव्हा. श्रद्धा नाही, भाऊ नाही. गुरुजी मुलीकडून करून घ्यायला तयार होईनात, म्हणून हट्टाने केलं. ज्या विधीवर विश्वास नाही त्याच्यासाठी आठवडाभर भांडले. लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येत होती. रेव्हरंड टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, पुढे काही वर्षांनी त्या परत त्यांच्याकडे राहायला गेल्या तेव्हा हिंदूच होत्या, नवऱ्याच्या घरात स्वतःचं सोवळं वेगळं ठेवून. आधी सोवळं गळालं, मग बाप्तिस्मा. शेजारी म्हणतात मन मागून येतं, ते मला पटतं. माझं मात्र आलं नाही. पिंडाचा भात आईच्या हातच्या मऊ भातासारखा लागत होता बोटांना, एवढं आठवतं. कृष्णाकाठ, तुमची लबाडी झाली असती असं मला वाटत नाही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. 'उघड म्हणावं' हे मी सगळ्यांसाठी लिहिलं, ते चुकलं. खाडीपलीकडे ताई, माफ करा. माझ्यापुरतं ते अजूनही खरं मानतो.

काल भावाला फोन केला. शेजारींचा प्रश्न त्यालाच विचारला, मी तिथे का उभा होतो असं तुला वाटलं? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तासभर सगळे कावळ्याकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होतो, तू निघून जातोस की काय म्हणून."

वर्षश्राद्धाला पिंड मी ठेवणार नाही. त्याच्या शेजारी बसणार आहे, गुरुजींनी उठवलं तरी. आत्याला हे आधीच सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, बस, पण तांब्याला हात लावू नकोस.

दीक्षाभूमीचा शेजारी

भावासाठी बसताय, तर बसा. पण तांब्याला हात लावू नकोस हे वाक्य आम्ही ओळखतो, दादा. तुम्ही ते ऐकून घेतलंत, एवढंच माझ्या मनात राहील.